झऱ्याच्या तोंडाशी पाइप

१९६६ सालच्या सुरुवातीची एक नोंद आहे. जॉर्डनमध्ये, पेट्राच्या उत्तरेला, वादी अल्-हसा नावाची खोल घळ आहे. तिथे शहामृगाची एक मादी मरणाला टेकलेली सापडली. वाळवंटात पाऊस क्वचित पडतो, पण पडला की कोरड्याठाक ओढ्यांना लोंढे येतात. तशाच एखाद्या लोंढ्यात ती सापडली असावी. अरबी शहामृगाची ही शेवटची नोंद मानली जाते. रखरखाटात हजारो वर्षे तगलेल्या पक्ष्याचा शेवट बहुधा पाण्यात झाला.

त्याच वर्षी राजधानी अम्मानमध्ये काही मंडळींनी एकत्र येऊन एक संस्था काढली. नाव ठेवले रॉयल सोसायटी फॉर द कन्झर्व्हेशन ऑफ नेचर. शहामृग मेला म्हणून संस्था निघाली असे मुळीच नाही. पण तिचा इतिहास लिहायला बसलो की या दोन गोष्टी एकाच सालाखाली येतात.

आपल्या मंडळाच्या पंचविशीच्या स्मरणिकेत जॉर्डन कुठून आले, असे काही सभासद विचारतील. मंडळाचा स्वतःचा इतिहास अध्यक्षांनी लिहिला आहे आणि तो चार पानांत मावला, हे मी कौतुकानेच म्हणतो. समितीने मला सांगितले की आपल्याच जातीचे काम करणाऱ्या एखाद्या थोरल्या संस्थेची हकीकत लिहा. माळावर पाणवठे बांधायचे, उन्हाळ्यात ते टँकरने भरायचे, काळवीट-खोकडांच्या नोंदी ठेवायच्या, हे आपले काम. याच वाटेने आपल्यापुढे साठ वर्षे चाललेली, यश आणि फजिती दोन्ही पदरी असलेली संस्था शोधताना मी जॉर्डनच्या वाळवंटातल्या अझ्राकला पोहोचलो.

संस्था काढणारे बरेचसे शिकारी होते. संस्था हे लपवत नाही. अनीस मुअश्शर हे त्यांतले प्रमुख, राजे हुसेन यांचा आश्रय पहिल्यापासून. दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारी आणि लांब पल्ल्याच्या रायफली वाळवंटात पोहोचल्या. पूर्वी उंटावरून दिवसभर माग काढून एखादे हरीण मिळे. आता धावत्या मोटारीतून कळपच्या कळप आडवे करता येऊ लागले. शिकाऱ्याला सावज दिसेनासे झाले की पहिल्यांदा त्यालाच कळते. शहरातल्या माणसाला दहा वर्षांनी कळते. या मंडळींना कळले. पुढे सरकारने शिकारीचे परवाने देणे आणि चोरट्या शिकाऱ्यांवर नजर ठेवणे ही कामे या बिनसरकारी संस्थेकडेच सोपवली. राखीव क्षेत्रे सांभाळण्याचे अधिकारही दिले. अशी व्यवस्था जगात फार ठिकाणी नाही. आपल्याकडे वनखात्याचा शिपाई आपल्याला माळावर हटकतो. तिथे हटकणारा माणूस संस्थेचा असतो.

संस्थेच्याही आधीची एक गोष्ट सांगायला हवी. १९६३ साली गाय माउंटफर्ट नावाचे इंग्रज पक्षिनिरीक्षक शास्त्रज्ञांची तुकडी घेऊन जॉर्डनमध्ये आले. बरोबर ज्यूलियन हक्सली होते, युनेस्कोचे पहिले महासंचालक. १९६५ आणि १९६६ मध्ये पुन्हा मोहिमा झाल्या. त्यांतून शिफारस निघाली की पूर्वेकडच्या वाळवंटात, अझ्राकच्या आसपास, राष्ट्रीय उद्यान व्हावे. हेच माउंटफर्ट पुढे वाघांसाठी इंदिरा गांधींकडे गेले आणि १९७३ साली आपल्याकडे व्याघ्रप्रकल्प सुरू झाला. मेळघाटात वाघाचे ठसे मोजणाऱ्यांचे अझ्राकशी असे लांबचे नाते निघते.

अझ्राक म्हणजे निळा. अम्मानच्या पूर्वेला सुमारे शंभर किलोमीटरवर, वर्षाला १०० मिलिमीटरही पाऊस न पडणाऱ्या प्रदेशात, हा निळा ठिपका होता. पाणी तिथे पडत नव्हते, येत होते. उत्तरेला सिरियात जबल अल्-अरबचे डोंगर आहेत, काळ्या बसाल्टचे. आपला सह्याद्री ज्या जातीच्या दगडाचा, त्याच जातीचा दगड. डोंगरावर पडलेला पाऊस आणि वितळलेले बर्फ त्या दगडाच्या भेगांतून मुरत, जमिनीखालून सावकाश दक्षिणेकडे सरकत, खोऱ्याच्या सर्वांत खोलगट जागी वर येई. हे खोरे जवळपास १२ हजार चौरस किलोमीटरचे. एवढ्या मोठ्या परातीच्या तळाशी चार मुख्य झरे होते: दोन उत्तरेला द्रुझ लोकांच्या वस्तीपाशी, दोन दक्षिणेला चेचेन लोकांच्या वस्तीपाशी. द्रुझ मीठ पिकवत, चेचेन म्हशी पाळत. होय, म्हशी. वाळवंटात म्हैस डुंबते याहून पाण्याचा मोठा पुरावा कोणता हवा?

जागा जुनी आहे, किती जुनी ते २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनातून कळते. अझ्राकच्या पाणथळीत सापडलेल्या, अडीच लाख वर्षांपूर्वीच्या दगडी हत्यारांवर रक्तामांसाचे सूक्ष्म अंश चिकटून राहिले होते. तपासल्यावर त्यांत गेंडा, घोडा, रानबैल, उंट आणि बदक निघाले. बदक मारून खाणारा माणूस तिथे तेव्हापासून आहे. पुढे रोमनांनी काळ्या दगडाचा किल्ला बांधला, उमय्या खलिफांच्या काळात पाण्यात एक लांब दगडी भिंत उभी राहिली, आणि १९१७ च्या हिवाळ्यात टी. ई. लॉरेन्स त्या किल्ल्यात गळक्या छपराखाली मुक्कामाला होता. पाणी असले की इतिहास आपोआप गोळा होतो.

आणि पक्षी. युरोप-रशियातून आफ्रिकेकडे जाणाऱ्या पक्ष्यांना मध्ये शेकडो मैल फक्त दगड आणि वाळू. त्यांच्यासाठी अझ्राक म्हणजे आपल्याकडचे पूर्वीचे मोठे जंक्शन, गाडी थांबणारच. २ फेब्रुवारी १९६७ रोजी तिथे ३ लाख ४७ हजार पक्षी मोजले गेले. हा आकडा लक्षात ठेवावा, पुढे लागणार आहे.

नव्या संस्थेने पहिले राखीव क्षेत्र १९७५ साली घेतले, अझ्राकजवळच शौमरी येथे. अवघे २२ चौरस किलोमीटर. पहिले काम कुंपणाचे. उंट-मेंढ्यांची चराई थांबली आणि काही वर्षांतच आतले गवत आणि झुडपे बाहेरच्यापेक्षा वेगळी दिसू लागली. यात जादू काही नव्हती. बी मातीत होतेच, त्याला खाणारी तोंडे फार होती. आपल्या माळावर चराईबंदीचा तुकडा आपण राखला तेव्हा दुसऱ्याच पावसाळ्यात पवना गवत वर आले, तसेच. फक्त तिथे पावसाळा नाही, म्हणून वेळ जास्त लागला.

मग प्राणी आणायचे. अरबी ओरिक्स, ज्याला अरबीत महा म्हणतात, हा पांढऱ्या अंगाचा, लांब सरळ शिंगांचा, महिनोन्महिने पाण्याशिवाय दवावर आणि हिरव्या पाल्यावर भागवणारा प्राणी. जगातला शेवटचा रानटी ओरिक्स १९७२ साली ओमानमध्ये मारला गेला. पण दहा वर्षे आधीच कुणीतरी शहाणपण केले होते. १९६२ साली फॉना प्रिझर्व्हेशन सोसायटीने एडनकडच्या वाळवंटातून तीन जिवंत ओरिक्स पकडून आणले. त्यांना लंडनच्या प्राणिसंग्रहालयातला एक, कुवेतहून एक आणि सौदी राजाकडून चार अशी जोड मिळाली. एकूण नऊ. हवा कोरडी म्हणून त्यांना अमेरिकेत अॅरिझोनातल्या फिनिक्सला ठेवले. एका अख्ख्या जातीचा संसार नऊ जनावरांवर. १९७८ साली त्या वंशातले ओरिक्स शौमरीत आले. पाच वर्षे बंदिस्त वाड्यांत वाढवून १९८३ साली ३१ जनावरे कुंपणाच्या आतल्या मोकळ्या रानात सोडली.

रानगाढवाची कथा याहून कडू आहे. सिरियाचे रानगाढव, जगातले सर्वांत लहान, पूर्वी या वाळवंटात कळपांनी फिरे. शेवटचे रानातले गाढव १९२७ साली मारले गेले, तेही अझ्राकजवळ. पाण्यावर आले आणि गोळी लागली. त्याच सुमारास व्हिएन्नाच्या प्राणिसंग्रहालयातले, बंदिवासातले शेवटचे गाढवही मेले. ओरिक्ससारखे नऊ कुठेच उरले नव्हते. म्हणून शौमरीत संस्थेने इराणी रानगाढवे आणली, चुलतभाऊ म्हणून. आपल्या कच्छच्या छोट्या रणातले घुडखर याच कुळातले. ज्यांनी ते पाहिले आहेत त्यांना या पर्यायात काय मिळाले आणि काय नाही, ते समजेल.

शौमरीच्या कुंपणाला पुढे नावे ठेवली गेली. ती थोडी खरी आहेत. २२ चौरस किलोमीटरात ओरिक्स वाढत गेले, गवत पुरेना, बाहेरून चारा घालावा लागला. मग याला रान म्हणायचे की मोठा गोठा? पण शेजारच्या ओमानचे उदाहरण बघा. तिथे कुंपणाशिवाय, खऱ्याखुऱ्या मोकळ्या वाळवंटात ओरिक्स सोडले. सगळ्या जगाने वाहवा केली, जागतिक वारसास्थळाचा मान मिळाला. पण पुढे चोरट्या पकडीने साडेचारशेचे पासष्ट झाले, सरकारने राखीव क्षेत्र नव्वद टक्के छाटले आणि २००७ साली तो मान काढून घेतला गेला. यादीतून वगळलेले ते जगातले पहिले स्थळ. मला विचाराल तर मी कुंपणाच्या बाजूचा. मात्र कुंपणाने राखता येते ते जनावर. अझ्राकमध्ये जे गेले ते कुंपणाखालून गेले.

अझ्राकच्या पाणथळीला १९७७ साली रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय यादीत, स्थान मिळाले, १९७८ साली तिथली १२ चौरस किलोमीटर जागा संस्थेच्या ताब्यात आली. कागदोपत्री सारे उत्तम. पाणी मात्र त्या कागदात नव्हते. १९६० च्या दशकापासूनच अझ्राकचे थोडे पाणी उत्तरेला इर्बिदकडे नेले जात होते. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला सरकारने झऱ्यांच्या वरच्या अंगाला पंधरा खोल विहिरी खणल्या आणि मोठ्या पाइपांनी पाणी अम्मानला जाऊ लागले. जोडीला शेतकऱ्यांच्या शेकडो बोअर, बऱ्याचशा बिनपरवाना. वरून मुरून येणाऱ्या पाण्याच्या दुपटीकडे उपसा गेला.

अम्मानला दोष देणे सोपे आहे. पण ते शहर भराभर वाढत होते आणि त्याला नदी नाही. १९९० साली कुवेतवर इराकने हल्ला केला आणि तिथे कामाला असलेली लाखो माणसे काही महिन्यांत जॉर्डनमध्ये परतली. तहान लागलेल्या माणसाला बदकांची गणती सांगता येत नाही. संस्थेच्या हातात शिकाऱ्याची बंदूक काढून घेण्याचा अधिकार होता, पंपाचा खटका बंद करण्याचा नव्हता. उत्तरेचे झरे १९८७ च्या सुमारास थांबले. दक्षिणेचे १९९२ पर्यंत. पाणी आटले तसे आत सगळे वाळले: पाणकणीस, बोरू, झाऊ. वाळलेल्या बोरूला आगी लागल्या, आणि शेकडो वर्षे पाण्याखाली साठलेली काळी कुजकट माती आतून धुमसत राहिली. म्हशींना डुंबायला चिखलही उरला नाही. चेचेन वस्तीतली तरुण मुले ट्रक चालवू लागली.

रामसरच्या धोक्यातल्या स्थळांच्या यादीत अझ्राकचे नाव १९९० सालीच गेले होते. यादीने पाणी येत नसते.

१९९४ साली संस्थेने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने जे काम हाती घेतले, ते मला या सगळ्या इतिहासातले सर्वांत विचित्र आणि सर्वांत प्रामाणिक काम वाटते. जलखात्याशी बोलणी करून दर वर्षी ठरावीक पाणी पाणथळीला परत मिळवायचे. ते कुठून? त्याच विहिरींतून. ज्या विहिरींनी झरे आटवले, त्यांचेच पाणी पाइपातून आणून वाळलेल्या झऱ्याच्या तोंडाशी सोडायचे. पूर्वी डोंगरातून आपोआप येणारे पाणी आता पंपाने, विजेवर, महिन्याच्या हिशेबाने येणार. आणि पूर्वीची सगळी पाणथळ परत आणू अशी भाषा कुणी केली नाही; उद्दिष्ट ठेवले एक दशांशाचे. देणग्या मागणाऱ्या संस्था सहसा असे आकडे छापत नाहीत.

ठरलेले पाणी पुरते कधी मिळाले नाही. तरी डबकी भरली, बोरू परत फुटला. इतका फुटला की उघडे पाणीच दिसेना, आणि उघडे पाणी नसले तर बदक उतरत नाही. उपाय जुनाच निघाला, म्हशी. त्या बोरू खातात, तुडवतात, लोळून खळगे करतात. चेचेनांच्या म्हशी जे शतकभर फुकट करत होत्या, ते काम आता व्यवस्थापन आराखड्यात लिहिले गेले.

माशाची गोष्ट वेगळी सांगायला हवी. जॉर्डनमध्ये पाठीचा कणा असलेला एकच प्राणी असा आहे जो जगात दुसरीकडे कुठेही नाही: अझ्राकचा किलीफिश, बोटाच्या दोन पेरांएवढा, नराच्या अंगावर गडद पट्टे. शास्त्राने त्याला नाव दिले १९८३ साली, म्हणजे विहिरी सुरू झाल्यावर. नामकरण झाले आणि दहा वर्षांत घर गेले. त्यातच कुणीतरी बाहेरून आणलेला तिलापिया उरल्यासुरल्या पाण्यात माजला. त्या डबक्यांतून मूठभर किलीफिश वाचले होते. संस्थेच्या माणसांनी ते वेचून वेगळ्या टाक्यांत वाढवले आणि तिलापिया शिरणार नाही अशी उथळ तळी खास त्यांच्यासाठी करून तिथे सोडले. शिंगे नाहीत, कळप नाही, राजाला भेट द्यावा असा देखणेपणा नाही. ओरिक्स परत आला तेव्हा समारंभ झाला. माशाच्या वेळी गमबूट घातलेली चार माणसे असावीत. संस्थेचा मोठेपणा मला या दुसऱ्या प्रसंगात जास्त दिसतो.

२ फेब्रुवारी २००० रोजी अझ्राकला पक्षी मोजले तेव्हा १,२०० भरले. तीच तारीख, तेहतीस वर्षांनी. ही गणती पाणी परत आणल्यानंतरची आहे.

पुढचे झटपट सांगतो. संस्थेचा पसारा वाढला. दाना, मुजिब अशी डोंगरी राखीव क्षेत्रे आली, आणि त्यांवर स्वतंत्र लेख होईल. अझ्राकमध्ये १९४० च्या दशकातले जुने ब्रिटिश लष्करी रुग्णालय दुरुस्त करून पाहुण्यांसाठी निवास केला, तिथे चेचेन घरातला स्वयंपाक मिळतो. गावातल्या बायका शहामृगाच्या अंड्यांवर नक्षी रंगवतात. शौमरी दुरुस्तीसाठी काही वर्षे बंद ठेवून २०१७ साली पुन्हा उघडले. २०११ साली आंतरराष्ट्रीय निसर्ग संघाने अरबी ओरिक्सला धोक्याच्या यादीत एक पायरी वर घेतले. रानातून नामशेष झालेली जात इतकी वर येण्याची ती पहिलीच वेळ. २०१३ पासून दूर दक्षिणेच्या दिसीहून ३२५ किलोमीटर लांबीच्या पाइपाने अम्मानला पाणी मिळू लागले आणि अझ्राकवरचा भार हलका होईल असे वाटले. पुढच्याच वर्षी सिरियाच्या युद्धातून पळालेल्या लोकांसाठी अझ्राकच्या वाळवंटात निर्वासितांची छावणी उघडली. डोंगर तोच, जिथून झऱ्यांना पाणी येई. आता त्या बाजूने माणसे आली.

दरम्यान भूजल खालीच चालले आहे, आणि गोड पाण्याचा दाब कमी झाला की खोऱ्याच्या मधल्या खारट मैदानाखालचे मीठ विहिरींकडे सरकते. पूर्वी द्रुझ मीठ वर काढून विकत. आता ते नळाला यायची भीती.

स्मरणिकेत स्वतःबद्दल लिहू नये असा संकेत आहे, पण एक गोष्ट नोंदवतो. आपला पहिला पाणवठा बांधला तेव्हा मी उत्साहाने सिमेंटच्या उभ्या कडा करून घेतल्या होत्या, पाणी जास्त मावावे म्हणून. दुसऱ्या आठवड्यात त्यात खोकडाचे एक पिल्लू मेलेले सापडले. आत उतरले आणि बाहेर येता आले नाही. तेव्हापासून आपले सगळे पाणवठे एका बाजूने उताराचे, खडबडीत दगडांचे आहेत. ती चूक लगेच दिसली म्हणून सुधारली. दुसरी चूक दिसायला वीस वर्षे लागली. त्या पाणवठ्यात टँकर रिता होत असताना शेजारून जाणाऱ्या एका म्हातारीने विचारले होते, "हे पाणी कुणाच्या वाट्याचं रं, बाबा?" आम्ही हसलो होतो. हरणांच्या वाट्याचे, असे कुणीतरी उत्तर दिले आणि फोटो काढला. तो फोटो या अंकात अध्यक्षांच्या लेखाशेजारी आहे.

मंडळाच्या पाणवठ्यांची यादी या अंकाच्या शेवटी छापली जात आहे. जागा, बांधल्याचे साल, लिटर, देणगीदार असे चार रकाने होते. अझ्राकबद्दल वाचून झाल्यावर मी सचिवांना पाचवा रकाना घालायची विनंती केली: पाणी कुठून. त्यांनी मान्य केले. बरेच रकाने मोकळे आहेत, जुन्या माणसांना विचारून भरायचे आहेत. पहिल्या पाणवठ्यापुढचा मी स्वतःच भरला आहे: शेजारच्या गावची विहीर.